सातव्या दिवसाची बादली

रविवार, १७ सप्टेंबर १९७२

चौथीचा जुना हजेरीपट घरी आणला आहे. मागची पानं कोरी आहेत, त्यांवर लिहिते. पुढे मुलींची नावं आणि खुणा आहेत, म्हणून कोणी उघडला तरी दोन पानांपलीकडे जाणार नाही. घरात आम्ही दखनी बोलतो, पण पेन हातात आलं की मराठीच येतं. शिकले मराठीत, आणि गेली एकोणीस वर्षं इथे तिसगावच्या शाळेत शिकवते तेही मराठीतच.

आज भाईजाननं दुकानात बोलावलं. तो कापूस पिंजत होता. धुनकी थांबवली नाही, त्यामुळे दोरीच्या एकेका ठोक्यानंतर एकेक वाक्य यायचं. जुम्म्याला नगरहून मौलवीसाहेब आले होते. ते म्हणाले, या गावात जन्मानं मुसलमान असलेल्या बायकांना धड कलमा येत नाही, नमाजेत किती वेळा वाकायचं ते माहीत नाही, पीराला नारळ मात्र न चुकता जातो. त्यात दगडू हेडीनं नवी बायको आणलेली, तिला तर कालपर्यंत यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिला कोण शिकवणार?

"तू शिकवायचं," भाईजान म्हणाला. "रमजानच्या आधी सुरू कर. बायका कामावरून आल्या की संध्याकाळी, आपल्या मागच्या अंगणात."

"मला बेरीज-वजाबाकी शिकवता येते, भाईजान."

"मग इथं नमाजेतल्या रकात मोजायला शिकव. तुझ्याशिवाय शिकलेलं आहे कोण?"

मी हो म्हणाले. सहा वर्षं त्याच्या घरात राहते. इतक्या वर्षांत त्यानं मला कधी कशाला नाही म्हटलं नाही. म्हणून मलाही त्याला नाही म्हणता येत नाही. वाईट वागवलं असतं तर सोपं गेलं असतं.

बुधवार, २० सप्टेंबर

खरं लिहायचं म्हणून ही पानं काढली, तर लिहून टाकते.

मी नमाज पढते म्हणजे उभी राहते, वाकते, कपाळ जमिनीला टेकवते. ओठ हलतात. वर्गात मुली खिडकीबाहेर बघत पाढे म्हणतात ना, तसं. हे नगरच्या दवाखान्यात होते, तेव्हा एक अख्खा दिवस मी व्हरांड्यात चटईवर बसून होते. यांना राहू दे, आयुष्यात दुसरं काही मागणार नाही, एवढंच. दिवस बुडायच्या आत हे गेले. राग आला असता तर निदान भांडले असते. राग आलाच नाही. चटईवर बसल्यावर समोर कोणी असल्याचं वाटायचं, ते वाटेनासं झालं, एवढंच.

भाईजानच्या घरात पाचही वेळा सगळ्यांच्या नजरेसमोर उभं राहावं लागतं. सुटका एकच. महिन्याच्या दिवसांत बाईला नमाज माफ असते, रोजाही माफ. शेजारच्या घरांतल्यासारखं बाजूला बसायचं नसतं. स्वयंपाकपाणी सगळं करायचं, फक्त नमाज नाही. मग डोक्यावरून अंघोळ केली की पुन्हा सुरू.

माझे दिवस गेल्या वर्षी फेब्रुवारीत थांबले. कोणाला सांगितलं नाही. दर महिन्याला मनाशी एक तारीख धरते आणि भाभीला हळूच सांगते. ती मान हलवते. मग सात दिवस मला कोणी चटईकडे पाठवत नाही. त्या सात दिवसांत मी नीट जेवते, नीट झोपते.

हे एक पाप असतं तर चाललं असतं. पण दुष्काळ पडला. टँकर आठवड्यातून दोनदा येतो. नमाजेआधी हात-तोंड धुवायला, वजूला, माणशी एक तांब्या मिळतो. भाईजान स्वतः महिनामहिना अंग पुसून काढतो. आणि माझ्या सातव्या दिवशी भाभी न्हाणीत भरलेली बादली ठेवते. पत्र्याची, काठोकाठ. मी कडी लावून घेते आणि ते पाणी अंगावर ओतून घेते. बाहेर आले की भाभी माझ्या ओल्या केसांकडे बघते.

गुरुवार, २८ सप्टेंबर

वर्ग सुरू झाला. अकरा बायका आल्या. सगळ्या दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडून आलेल्या, भुवया-पापण्यांवर पांढरी धूळ.

सर्वांत म्हाताऱ्या लालबी, मुलाण्याच्या घरच्या. साठ वर्षं नमाज पढतात, पण सुरुवातीच्या चार ओळीच येतात. त्याच सगळीकडे म्हणतात. "अल्लाकू मालूम है इसकू इत्ताच आता," म्हणाल्या.

सर्वांत मागे दगडू हेडीची बायको बसली होती. दगडूभाई जनावरांचे सौदे करणारा, घोडेगावच्या बाजारात असायचा; आता बाजारात कडबा नाही की बैल नाही, म्हणून गुरांच्या छावणीवर राखणीला असतो. ही त्याला त्या बाजारातच भेटली. पहिलं नाव भागिरथी. पहिल्या नवऱ्यानं टाकलेली. उन्हाळ्यात निकाह झाला, मरियम नाव ठेवलं. कामाच्या मस्टरवर मात्र ती अजून भागिरथीच आहे.

पाणी नसेल तर काय करायचं, ते आधी शिकवलं. स्वच्छ मातीवर तळहात मारायचे, तोंडावरून फिरवायचे, मग हातांवरून. वजूच्या जागी हे चालतं.

मागून मरियम म्हणाली, "मग बाई, आमी सकाळधरनं वजूतच हाय म्हना की! तोंड मातीचं, हात मातीचं, गिळतोय तीबी मातीच."

सगळ्या हसल्या. मीही हसले. बऱ्याच दिवसांनी हसल्यामुळे गाल दुखल्यासारखे वाटले. हिच्याशी बोलताना सांभाळून राहिलं पाहिजे, नको ते विचारणारी आहे.

शाळेच्या सवयीनं हजेरी ठेवायचं ठरवलं. जिचे दिवस असतील तिनं मागे बसून नुसतं ऐकायचं. तिच्या नावापुढे मी 'मा' लिहीन. माफी.

बुधवार, ४ ऑक्टोबर

जे व्हायला नको होतं ते झालं.

मरियम शिकायला हुशार आहे. दुसऱ्यांना आठवडा लागतो ते तिला दोन दिवसांत येतं. दगड फोडता फोडता हातोडीच्या तालावर म्हणते, असं लालबींनी सांगितलं. आज वर्ग सुटताना ती थांबली.

"बाई, एक इचारू का? जवाब कंदी येतो?"

"कसला जवाब?"

"आमच्याकडं खंडोबाला कौल लावत्यात. उजवा न्हाईतर डावा, कायतरी कळतं. माझी दोन लेकरं गेली तवा दोन्ही टायमाला आदी डावा आल्ता. हितं पाच येळा हाक मारायची, मग त्यो बोलतो कवा? तुमाला येतो का जवाब?"

बाकीच्या बायका चपला शोधत होत्या, त्या थांबल्या. पडद्याआड धुनकी थांबलेली होती. भाईजान कापसाचा ढीग बदलत असेल, किंवा ऐकत असेल. मी सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "हो. येतो."

"कसा?"

"मन लावून केलं की कळतं."

तिनं खालचा ओठ दातांत धरून मान हलवली. वर्गात उत्तर पाटीवर उतरवून घेणाऱ्या मुलीसारखी. मी दुसरं काय सांगणार होते? अकरा बायकांसमोर, भाईजानच्या अंगणात?

मंगळवार, १० ऑक्टोबर

आज पहिला रोजा. काल बायकांना पुन्हा एकदा नीट सांगितलं होतं: आजारी, प्रवासातली, पोटुशी, अंगावर पाजणारी, यांना सूट आहे, राहिलेले रोजे पुढे धरता येतात. खडीच्या उन्हात जीव घाबरला तर सोडायचा, हट्ट करायचा नाही. लालबींनी विचारलं, "और बुढ्ढी?" मी म्हटलं, तुम्हालाही. तर म्हणाल्या, "हट्! मैं क्या बुढ्ढी हूँ?"

मरियम आज वर्गात सगळ्यांच्या आधी आली आणि सगळ्यांत शेवटी गेली.

शुक्रवार, २० ऑक्टोबर

परवापासून माझी 'माफी' सुरू केली आहे. रमजानात लगेच घ्यायला मन होत नव्हतं, पण त्याच दिवसांत रात्रीची लांब नमाजही असते, आणि मला ते जमेना. छातीवर कोणी गोणी ठेवल्यासारखं होतं. थंडी पडायला लागली तरी मला दरदरून घाम येतो. भाभीनं माझी खाट दाराशी वाऱ्याला सरकवली.

वर्गात मी मागे बसले आणि लालबींना पुढे उभं केलं. मरियमनं मागे वळून पाहिलं, मग माझ्या शेजारी येऊन हळूच म्हणाली, "ह्ये बरं हाय बाई तुमच्यात. आमाला चार दिस गोठ्याशी बसवायचे. हितं नुसती सुट्टी."

सुट्टी. तिनं अगदी नेमका शब्द वापरला. मी दुसरीकडे बघितलं.

शुक्रवार, २७ ऑक्टोबर

आज हजेरी पुरी करताना लक्षात आलं. महिना झाला. नऊ जणींच्या नावांपुढे कुठे ना कुठे 'मा' आहे. लालबींच्या पुढे नाही, ते ठीकच. मरियमच्या पुढेही नाही. एकही दिवस नाही.

तिला थांबवून घेतलं. सगळ्या गेल्यावर विचारलं, "कितवा महिना?"

ती एकदम खाली बसली. "तिसरा सरत आलाय. कुनाला सांगू नका बाई, तुमच्या पाया पडते. ह्यांनाबी ठावं न्हाई."

"आणि रोजे धरतेस? खडी फोडतेस?"

"सगळे अठरा धरले." हे तिनं अभिमानानं सांगितलं.

मी रागावले. सूट आहे म्हणून सांगितलं होतं की नाही? तर म्हणाली, "ती सूट ज्या जल्मापासून ह्याच्यात हायेत त्येंच्यासाटी. मी मागनं आल्ये. मला कशी सूट मिळंल? बाई, दोन लेकरं गेली माझी. ह्ये तिसरं. पुरं तीस निर्जळी करते, म्या त्येला सांगून ठिवलंय. तीस झाले की ह्ये लेकरू माझं."

तिनं रोज्याचा नवस करून टाकला होता. इथे असा सौदा नसतो, असं मी सांगायला तोंड उघडलं, आणि दवाखान्याचा व्हरांडा आठवला. मी तरी दुसरं काय केलं होतं?

"आन् तुमीच म्हनला न्हवं, मन लावून केलं की जवाब येतो. मला अजून आला न्हाई. म्हंजी माझंच कायतरी उणं पडतंय. तवा मी आनीक जोर लावते."

ती गेली. मी हजेरीपट मांडीवर घेऊन बसून राहिले.

रविवार, २९ ऑक्टोबर

दोन दिवसांत तिला तीनदा गाठलं. समजावलं, रागावले, खोटंही सांगितलं की मौलवीसाहेबांनी निरोप पाठवला आहे. ती सगळं ऐकून घेते आणि हसते. तिला फक्त एक वाक्य सांगितलं तर ती ऐकेल. मला जवाब येत नाही, सहा वर्षांत आलेला नाही, मी खोटं बोलले.

ते सांगितलं तर उद्या सगळ्या बायकांना कळेल. वर्ग मोडेल. भाईजान मशिदीत मान वर करून कसा बसेल? आणि मी जाऊ कुठे? माझी खोली, माझी खाट, न्हाणीची कडी, सगळं या घरात आहे.

दगडूभाईला निरोप धाडायचा विचार केला. छावणी आठ मैलांवर. शिवाय तिनं पाय धरले आहेत.

मंगळवार, ३१ ऑक्टोबर

काही केलं नाही. शाळेला सुट्टी लागली. धुनकी दिवसभर चालू आहे, दिवाळीच्या गाद्या. घरभर कापूस उडतो. श्वासाबरोबर आत जातो आणि खोकल्यानंही सुटत नाही. मरियमच्या ओठांना भेगा पडल्या आहेत. आज सजद्यातून, टेकवलेलं कपाळ उचलून, उठताना तिनं जमिनीला हात टेकला.

गुरुवार, २ नोव्हेंबर

आजचं आजच लिहिते.

दुपारी रंगुबाई धावत आली. मरियमच्या गँगमधली, वंजारवाडीची. "मास्तरीनबाई, चला. तुमची ती भागिरथी पडली. पोटात कळा येत्यात म्हनती आन् पान्याला तोंड लावंना."

पायांत चपला होत्या की नव्हत्या आठवत नाही. पाझर तलावाच्या कामावर पोचले. खडीच्या ढिगाच्या सावलीत तिला निजवलं होतं. भोवती बायका. मुकादम गोरक्षनाथ हातात तांब्या घेऊन उकिडवा बसला होता.

"बघा बाई तुमीच. मी गयावया करून ऱ्हायलो. तोंड वासंना. काय झालं तर मस्टरवर मी काय लिवू?"

लालबी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मरियमनं डोळे उघडले. चेहरा धुळीनं पांढरा, त्यात ओठ काळे.

"पी," मी म्हणाले.

"दिस बुडाल्याव."

"मरियम, पोर जाईल."

"सा ऱ्हायलेत बाई. आता सोडलं तर समदंच वाया. मग त्यो कशाला बोलंल?"

मी तिच्याजवळ खाली बसले. सगळ्या ऐकत होत्या. आमच्यातल्या पाच, बाकी गावच्या. सहा वर्षं ज्याची भीती वाटत होती ते एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

"तो माझ्याशी बोलत नाही," मी म्हणाले. "कधीच बोलला नाही. मी त्या दिवशी खोटं सांगितलं. माझा माणूस गेला त्या दिवसापासून मी नुसती ओठ हलवते. तुझं काही उणं नाही. मलाच काही ऐकू येत नाही. तू माझ्या खोट्यापायी उपाशी मरू नकोस."

ती बघत राहिली. तिला पटलं नाही असं वाटलं, किंवा पटूनही तिला तोंड उघडता येईना. तेव्हा मी गोरक्षनाथच्या हातातला तांब्या घेतला आणि प्याले. वरून नाही, तोंड लावून. अर्धा तांब्या. माझा रोजा होता. 'माफी' संपून नऊ दिवस झाले होते. पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं. लालबी "या अल्ला" म्हणाल्या.

"आता तुझ्याआधी माझा सुटला," मी म्हणाले. "पी."

मरियमच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग ती प्याली. एक घोट, दुसरा, मग दोन्ही हातांनी तांब्या धरून.

मुकादमानं बोलावलेल्या नर्सबाई तपासून म्हणाल्या, आठ दिवस उठायचं नाही. पोर आहे, टिकेल असं वाटतं. रंगुबाईनं तिला बैलगाडीतून घरी आणलं. मी पायी आले. वाटेत दोघी-तिघी बोलता बोलता थांबल्या.

शुक्रवार, ३ नोव्हेंबर

सकाळपासून धुनकी बंद होती. भाईजाननं बोलावलं. भाभी दाराच्या चौकटीला टेकून उभी.

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मशिदीत लोक बोलतायत. चारचौघांत पाणी प्यालीस."

"हो."

"तुझी भाभी सांगते, तुझे दिवस असतील. मग रोजाच नव्हता. तसं असेल तर मी लोकांना तसं सांगतो. विषय मिटला."

भाभी माझ्याकडे एकटक बघत होती. किती सोपं होतं. वीस महिने तीच कडी लावत आले होते. नुसती मान हलवायची होती.

"नाही," मी म्हणाले. "रोजा होता. जाणूनबुजून तोडला."

त्यानं बोटांना चिकटलेला कापूस काढला. मग म्हणाला, "मरियमला वाचवायला तोडलास. मौलवीसाहेबांना विचारू. कदाचित माफ..."

"माफी नको, भाईजान."

"जैतुन, तोडल्याची भरपाई, कफ्फारा, म्हणजे साठ रोजे. सलग. एक चुकला तरी पुन्हा पहिल्यापासून." मग तो अवघडला. "म्हणजे, बायकांचे दिवस आले तर तेवढे सोडून..."

"मध्ये काही येणार नाही. गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून येत नाही."

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं धुनकी उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. मला वाटलं, आता म्हणेल, मग इतके महिने काय करत होतीस? त्यानं ते विचारलं नाही. कापसाकडे बघून म्हणाला, "ईदनंतर दुसऱ्या दिवशी सुरू कर." आणि पिंजायला लागला.

आता सुट्टी उरली नाही. पाच वेळा, तीसही दिवस. बाहेर पडायची एकुलती एक वाट मी माझ्या हातानं बुजवली, आणि तीही भावासमोर. असं का केलं ते मला अजून कळलेलं नाही.

रविवार, १२ नोव्हेंबर

ईद झाली. आज चौथा रोजा.

वर्गात काल फक्त तिघी आल्या. आज लालबी काठी आपटत सगळ्यांच्या दारांत फिरल्या म्हणे. "चलो गे, मास्तरीण अकेली बैठी है!" सात आल्या. एकीनं तोंडावरच विचारलं, "आपा, तुमचंच मन लागत नाही, तर आम्हाला काय शिकवणार?"

लालबी म्हणाल्या, "साठ बरस में मेरेकू कोई नहीं बोल्या. पर मैं पूछी कब थी? मैं तो बोलती बैठी!"

सगळ्या हसल्या. एकजण मात्र उठून गेली, ती वर्ग सुटेपर्यंत परतली नाही.

शुक्रवार, २४ नोव्हेंबर

सोळावा. न्हाणीत गेले तर भरलेली बादली. काठोकाठ.

मला वाटलं भाभी सवयीनं ठेवून गेली. बाहेर येऊन म्हटलं, "भाभी, आता ही लागत नाही. माहीत आहे ना तुला?"

ती भाकरी थापत होती. "मालूम है. पहलेच से मालूम है. एक घर में दो औरतां रहत्यां, और मेरेकू नहीं समजेगा?"

"मग इतके महिने भरून का ठेवत होतीस? असल्या दुष्काळात?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "तू आद्दी बाल्टी से नहाती थी. आद्दी बचती थी. उसमें मैं बाल धोती थी. मैं कायकू बोलूँ?"

मग आम्ही दोघी इतक्या हसलो की भाईजाननं दुकानातून विचारलं, काय झालं. भाभी म्हणाली, "कुछ नहीं, भाकरी फुगी!"

आत येऊन हे लिहिताना मात्र रडू आलं. मी समजत होते की त्या कडीमागे मी एकटीच आहे.

गुरुवार, २१ डिसेंबर

त्रेचाळिसावा. घसा सुकतो, शाळेत फळ्यासमोर डोळ्यांपुढे अंधारी येते. नमाज तशीच. उभी राहते, वाकते, टेकते. समोर कोणी नाही. हल्ली चटई गुंडाळल्यावर इथे लिहायला बसते आणि दिवसभराचं सगळं सांगून टाकते, तेव्हा कुठे हलकं वाटतं. कोणाला सांगते कोण जाणे. हे पान तर कोणी वाचणार नाही.

रविवार, ७ जानेवारी १९७३

साठावा.

सकाळी भाभीनं पुन्हा बादली भरली. मी म्हटलं, आज आपण दोघीही न्हाणार नाही. दोघींनी कडी धरून ती अंगणात आणली आणि वर्गाच्या जागी ठेवली. संध्याकाळी नऊ बायका आल्या. धुळीनं माखलेल्या. तीन महिन्यांत वर्गात पहिल्यांदाच सगळ्यांनी पाण्यानं वजू केली. कोणी घाई केली नाही. प्रत्येकीनं ओंजळ भरून आधी नुसती बघितली. खाली चिखल झाला, त्यात कोंबड्या आल्या.

मरियम लालबींच्या खांद्याला धरून आली. दगडूभाई आता छावणीवरून रोज येतो. तिला कामावर जाऊ देत नाही. पोट दिसायला लागलं आहे. म्हणाली, "फिरतंय बाई. लाथा घालतंय. बापावानी सौदा करतंय आतमंदी."

सूर्य मावळला. खजूर एकच होता, त्याचे भाभीनं तुकडे केले. मी माझा तोंडात टाकला, पाणी प्याले, आणि आम्ही ओळीत उभ्या राहिलो. मरियम माझ्या उजवीकडे. तिला खाली बसून पढायला सांगितलं होतं, पण पहिली रकात तिनं उभ्यानंच केली. तिचं मनगट माझ्या मनगटाला लागत होतं. ओलं होतं, गार.

नमाज संपवून सलाम फिरवल्यावर तिनं माझ्याकडे वाकून हळूच विचारलं, "आला का काय?"

"नाही."

"मलाबी न्हाई."

तिनं पोटावर हात ठेवला, थोडा वेळ तशीच बसली. मग म्हणाली, "उद्या येऊ ना बाई?"

"ये."

"मग सरका थोडं तिकडं. लालबीला पाय पसरू द्या."

मी सरकले. बादलीत तळाशी थोडं पाणी उरलं होतं. भाभीनं उद्यासाठी वर ताट झाकलं.